विचारायचं कसं, तेवढं शिकवा

मागच्या महिन्यात आशाताईंच्या एका प्रशिक्षणाला जाऊन बसले. पडद्यावर 'आत्महत्येची पूर्वलक्षणे' सरकत होती. दोन तासांनी सह्या, चहा, समोसा. उठता उठता एक ताई हळूच म्हणाली, "पण म्याडम, इचारायचं कसं?"

नेमकं तेच राहिलं होतं.

यवतमाळकडे आरोग्यसेविका म्हणून माझी एकोणीस वर्षं गेली. त्यातली बरीच मीही आडून आडूनच विचारायची. "झोप लागते का? जेवण जाते का?" भीती ही, की थेट विचारलं आणि नसलेलं आपणच डोक्यात भरवलं तर? विचारल्याने तसं होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना कधीची सांगतेय. पण मला पटलं ते एका अंगणात. हिय्या करून विचारलं, "भाऊ, जीव द्यावा असा इचार येते का मनात?" भाऊ चिडले नाहीत. बाजेवर सरकून मला बसायला जागा केली.

आणि मग मी घाण केली. "लेकरांकडे बघा, असं बोलू नका" म्हणाले. भाऊ गप्प झाले ते झालेच. बोलू द्यायचं, उपदेश गिळायचा, माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना सांगून फवारणीचं औषध घरातून हलवायचं, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, तिथूनच फोन लावून द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. हे मला फार उशिरा कळलं. (ते भाऊ आहेत, यंदा तूर लावली.)

हे जमत नाही असं नाही. 'विश्राम' प्रकल्पात विदर्भातल्या ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्के होते, १८ महिन्यांत २७.२ टक्के झाले. आणि २०२२ च्या एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकड्यांत आपलं राज्य देशात पहिलं, २२,७४६ आत्महत्या. पोलिसांचं लफडं मागे लागेल म्हणून घरचे अजून लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार नाही, तीव्र तणावाखाली मानलंय, सरकारने त्याची काळजी घ्यायची आहे. गावात हे सांगणार कोण? पुन्हा आशाच. तिचा मोबदला मात्र रजिस्टरात अडकलेला, आणि असं घर बघून आल्यावर तिला रात्री झोप लागली का, हे विचारणारं कोणी नाही.

तालुक्याच्या साहेबांनो, एकदा प्रोजेक्टर बंद ठेवा. जोड्या करा, ते वाक्य मोठ्याने म्हणायला लावा.

त्या ताईला मी व्हरांड्यातच बसवलं. मी शेतकरी, ती आशा. पहिल्यांदा पदर तोंडावर घेऊन हसली. दुसऱ्यांदा 'जीव' शब्दावर अडली. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघत पूर्ण वाक्य म्हणाली, आणि उत्तर येईपर्यंत थांबली.