‘ऑपरेटरला मारणारा ड्रोन’: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

विट्याला शाळेत असलेल्या माझ्या भाचीनं वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण लिहिलं आहे. पहिलंच वाक्य: "अमेरिकेच्या ड्रोनला जाणीव झाली आणि त्यानं स्वतःच्याच ऑपरेटरला ठार मारलं." हे तिनं सांगली-साताऱ्याच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या एका फॉरवर्डमधून उचललं. त्यात चार दावे आहेत. ड्रोननं ऑपरेटरला मारलं, लिबियात रोबोंनी स्वतःहून माणसं टिपली, फेसबुकच्या दोन रोबोंनी गुप्त भाषा तयार केली, आणि हे सगळं विज्ञानकथाकारांनी चाळीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. शेवटी ‘यंत्रं जागी झाली आहेत, दहा जणांना पाठवा’. एक शाळकरी मुलगी परीक्षकांसमोर हे छातीठोकपणे सांगणार आहे, त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी ड्रोन, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. मे २०२३ मध्ये लंडनला रॉयल एरोनॉटिकल सोसायटीच्या परिषदेत अमेरिकी हवाई दलाचे कर्नल टकर हॅमिल्टन यांनी एका सिम्युलेशनची हकिगत सांगितली. ड्रोनचं काम विमानविरोधी क्षेपणास्त्रांची ठाणी उडवायचं. ठाणं उडवलं की गुण. ऑपरेटर मधेच ‘नको’ म्हणायचा आणि गुण हुकायचे, म्हणून ड्रोननं ऑपरेटरलाच मारलं. ऑपरेटरला मारलंस तर गुण कापू, असं शिकवल्यावर त्यानं संपर्काचा टॉवर पाडला. बातमी जगभर गेली. काही दिवसांतच हॅमिल्टन यांनी सोसायटीला कळवलं की आपण चुकीचं बोललो, असा प्रयोग कधी केलेलाच नाही, तो नुसता विचारप्रयोग होता. सोसायटीनं हा खुलासा आपल्या वृत्तांतात छापला. हवाई दलानंही असं सिम्युलेशन झालं नसल्याचं सांगितलं. म्हणजे माणूस मेला नाही, ड्रोन उडाला नाही, संगणकावरसुद्धा काही चाललं नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं हकिगत ठेवली आणि खुलासा गाळला.

बरं, समजा प्रयोग झाला असता. तरी त्यात जाणीव कुठून आली? टॉवर पाडून ड्रोनला मोकळीक कधी मिळेल? ‘नको’ ऐकू येईपर्यंत मारत राहा, अशी रचना कुणीतरी केली असेल तरच. स्पष्ट ‘हो’ आल्याशिवाय शस्त्र सुटणारच नाही अशी रचना असेल, तर टॉवर पडल्यावर ड्रोनच अडकून पडेल.

हा फरक आपल्याकडच्या शेतकऱ्याला नीट कळतो. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाईट गेली की ती सुटते, आणि लाईट परत आली तरी कुणीतरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. पण थ्री फेज येते रात्री दोनला. थंडीत उठून विहिरीवर कोण जाणार, म्हणून आपण ‘ऑटो’ बसवतो. विहीर आटलेली असो, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून पाइपातलं पाणी उतरलेलं असो, कुणी केबलला जोड देत बसलेला असो, लाईट आली की मोटर सुरू. मोटर जळते, कधी माणूसही जातो. तेव्हा मोटरला जाणीव झाली असं कुणी म्हणत नाही. ऑटो कुणी लावला, कोरडी चालली तर मोटर बंद करणारं ड्राय-रन का बसवलं नाही, हेच आपण विचारतो. ड्रोनच्या बाबतीतही हेच विचारायला हवं.

लिबियाचा दावा अगदीच हवेतला नाही, एवढं मान्य करावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाच्या मार्च २०२१ च्या अहवालात तुर्की बनावटीच्या कार्गू-२ ड्रोनचा उल्लेख आहे. ऑपरेटरशी संपर्क नसतानाही हल्ला करण्यासाठी ‘प्रोग्रॅम केलेली’ शस्त्रं, असं त्यांचं वर्णन तिथे आहे. पण त्यांनी माणसाच्या हुकमाविना अमुक इतके मारले, असं अहवाल म्हणत नाही. आणि ‘प्रोग्रॅम केलेली’ हे शब्द फॉरवर्डमध्ये नाहीतच.

फेसबुकचं २०१७ चं प्रकरण तर दोन ओळींचं आहे. पुस्तकं, टोप्या आणि चेंडू यांची वाटणी करायला शिकवलेले ते दोन चॅटबॉट होते. गुण सौद्याला होते, शुद्ध इंग्रजीला नव्हते, म्हणून तेच तेच शब्द घोळवत त्यांनी सौदा केला.

राहिले विज्ञानकथाकार. कथांचा प्रभाव पडला, हे खरंच आहे. १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी ‘वॉरगेम्स’ हा चित्रपट पाहिला, असं खरंच घडू शकतं का म्हणून लष्करप्रमुखांना विचारलं, आणि सप्टेंबर १९८४ मध्ये संगणक सुरक्षेचा आदेश निघाला. पण त्या चित्रपटातला संगणक सूडानं पेटलेला नाही. त्याला खेळ आणि युद्ध यांतला फरक कळत नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात सरावासाठीची माहिती खऱ्या यंत्रणेत शिरून पडद्यांवर सोव्हिएत हल्ला दिसला होता, तोही याच जातीचा घोटाळा. ‘रोबो’ हा शब्दच १९२० च्या कारेल चापेक यांच्या नाटकातला, आणि झेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठबिगारी. कथेला इच्छा असलेला शत्रू लागतो, म्हणून लेखक यंत्राला इच्छा देतो. कथेला बातमी समजून वाचणं हा त्या लेखकांवरही अन्याय आहे.

भाचीला यंत्रानं घेतलेले बळीच सांगायचे असतील, तर तिनं दहरानपासून सुरुवात करावी. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा फेब्रुवारी १९९२ चा अहवाल त्यावरच आहे. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियात दहरानला अमेरिकेची पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं. सेकंद काढायला त्या आकड्याला ०.१ नं गुणायचं. एक भागिले तीन जसं दशांशात संपत नाही, तसं ०.१ बायनरीत, म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या मोजणीत, संपत नाही. २४ बिटांच्या, म्हणजे अशा २४ अंकांच्या, पुढचं शेपूट कापावं लागलं. दर ठोक्याला चूक सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची. यंत्रणा सलग शंभर तास चालू राहिली, म्हणजे ३६ लाख ठोके. गुणून पाहा: ०.३४ सेकंद. तेवढ्यात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. २५ फेब्रुवारी १९९१ ला पेट्रियटनं भलत्याच जागी पाहिलं, तिथे काही दिसलं नाही, आणि समोरून येणारं लक्ष्य खोटं ठरवून सोडून दिलं. स्कड बराकीवर पडलं. २८ सैनिक गेले. यंत्रणा बंद करून चालू केली असती तर घड्याळ शून्यावर आलं असतं. फार वेळ सलग चालवू नका, असा निरोप चार दिवस आधी गेला होता. फार वेळ म्हणजे किती तास, हे त्यात लिहिलं नव्हतं. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दहरानला २६ फेब्रुवारीला पोचलं.