पाच तास फुकट

स्टुटगार्टजवळच्या ज्या कारखान्यात मी काम करतो तिथे दोन मिलिंग मशीन शेजारी शेजारी आहेत. दोन्हीवर तेच काम, तीच शिफ्ट, तोच फोरमन. पण एका मशीनवरचा कामगार आठवड्याला ३५ तास भरतो आणि दुसऱ्यावरचा ४०. महिन्याचा पगार मात्र जवळपास सारखाच. आमची कंपनी मालकांच्या संघटनेत आहे, पण तिने 'कराराचं बंधन नसलेलं' सभासदत्व घेतलंय, म्हणजे संघटना युनियनशी पगार-तासांचा जो करार करते तो पाळायची सक्ती तिच्यावर नाही. ही सोय इथे नव्वदच्या दशकापासून पसरली. जुन्या माणसांना जुना करार लागू राहिला, नंतर आलेल्यांना नाही. पर्मनंट आणि कंत्राटी एकाच लाइनवर बघत मी पिंपरीत वाढलो. जर्मनीत पुन्हा तेच बघावं लागेल असं वाटलं नव्हतं. पगार-तास ज्या त्या कारखान्यात ठरवले की सगळ्यांचं भलं होतं, असं म्हटलं जातं; मला ते पटत नाही.

आमच्याकडे पिंपरीत करार कंपनीगणिक. अमक्याकडे घसघशीत वाढ, तर रस्त्यापलीकडच्या व्हेंडरकडे युनियनच नाही. इथली पद्धत मुळात याच्या उलट. आयजी मेटाल ही युनियन आणि मालकांची संघटना अख्ख्या प्रदेशातल्या धातू उद्योगासाठी एकच करार करतात. कारखाना पन्नास माणसांचा असो की पाच हजारांचा, कराराला बांधलेला असला की दर तोच. त्यामुळे शेजारच्या कारखान्यापेक्षा कमी पगार देऊन ऑर्डर मारायची वाटच बंद होते. मालकाला मशीन सुधारावं लागतं, माणसं शिकवावी लागतात. जर्मन मालाच्या दर्जाचं आपण एवढं कौतुक करतो, त्यामागे ही शिस्तही आहे असं मला मनापासून वाटतं.

ही वीण एका दिवसात उसवली नाही. १९८४ मध्ये ३५ तासांच्या आठवड्यासाठी मोठा संप झाला. तडजोड ३८.५ तासांच्या सरासरीवर झाली, आणि ते तास कसे वाटायचे हे कारखान्याकारखान्यात ठरवायची मुभा दिली गेली. मग १९९३ मध्ये पूर्व जर्मनीतल्या अडचणीतल्या कारखान्यांसाठी करारापेक्षा कमी देण्याच्या सवलतीचं कलम आलं. २००३ मध्ये चॅन्सेलर श्रोडर यांनी तंबी दिली की युनियन-मालकांनी स्वतःहून लवचीकपणा आणला नाही तर कायदा करू. पुढच्याच वर्षी फोर्त्सहाइम शहरात आयजी मेटाल आणि मालकांच्या संघटनेचा करार झाला. नोकऱ्या टिकणार असतील तर एखाद्या कारखान्यापुरतं मूळ कराराच्या खाली उतरता येईल, असं त्यात मान्य झालं.

सवलत द्यायलाच माझा विरोध नाही. ऑर्डरी आटल्यावर काही महिने तास-पगार खालीवर करून माणसं कामावर ठेवता आली, तर ते शहाणपणच. प्रश्न आहे तो वाटाघाटीला बसताना कोणाच्या हातात काय असतं याचा. कारखान्यातल्या कामगार परिषदेला, बेट्रीब्सराटला, संप पुकारायला कायद्यानेच बंदी आहे. सवलतीच्या करारावर सही युनियनची असली, तरी दडपण त्या एका गेटच्या आतल्या माणसांवर येतं. मॅनेजमेंट म्हणतं, 'नाहीतर काम हंगेरीला जाईल.' घराचे हप्ते चालू असलेला माणूस यावर काय बोलणार?

काम्प-लिंटफोर्ट आणि बोखोल्टमध्ये हेच झालं. २००४ मध्ये सीमेन्सच्या या फोनच्या कारखान्यांतलं काम हंगेरीला हलवायची भाषा सुरू झाली. कामगारांनी आणि युनियननं ३५ चे ४० तास मान्य केले, वरच्या पाच तासांचा एक पैसा न घेता. म्हणजे ताशी दर आठव्या हिश्श्याने घटला. २००५ मध्ये सीमेन्सचा मोबाइलचा धंदाच तैवानच्या बेनक्यू कंपनीला देऊन टाकला गेला. सप्टेंबर २००६ मध्ये बेनक्यूच्या जर्मनीतल्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. काम्प-लिंटफोर्टचा कारखाना बंद झाला. नोकऱ्या वाचवायला पाच तास फुकट दिले, आणि दोन-सव्वादोन वर्षांत तिथल्या नोकऱ्याही गेल्या. ही गोष्ट आठवली की आजही संताप येतो.

'स्थानिक पातळीवर ठरवलं की सगळ्यांचं भलं' हे मला म्हणूनच पटत नाही. १९९८ मध्ये पश्चिम जर्मनीतले ७६ टक्के आणि पूर्वेकडचे ६३ टक्के कामगार सामूहिक कराराखाली होते. आज देशभरात जेमतेम निम्मे उरलेत. २०१५ मध्ये सरकारला कायद्यानं किमान वेतन आणावं लागलं, कारण खालच्या थरात कराराचा आधारच उरला नव्हता.

आपल्यापैकी पुष्कळ जण इथे इंजिनिअर म्हणून येतात आणि युनियन म्हणजे मशीनवरच्या लोकांचं काम असं धरून चालतात. मीही सहा वर्षं तसंच धरलं होतं. नव्या नोकरीचा कागद हातात आला की एवढं जरूर विचारा: कंपनी कराराला बांधलेली आहे का, की नुसतीच संघटनेची सभासद आहे? पगाराचा आकडा बघताना आठवड्याचे तासही बघा.

आयजी मेटालची वर्गणी महिन्याच्या कपातीआधीच्या पगाराच्या एक टक्का आहे. मी गेल्या सोमवारी फॉर्म भरला. ४० तासवाल्या मशीनवरच्या त्या पोरानंही माझ्याकडून एक कोरा फॉर्म मागून घेतलाय.