टॉर्च ‘ऐच्छिक’ नसते

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका ट्रेकची जाहिरात आली, तेव्हापासून डोकं तापलंय. हरिश्चंद्रगड, पायथ्याच्या खिरेश्वर गावामार्गे, ५० जणांची बॅच. शनिवारी रात्री ११ला पुण्याहून बस, रविवारी रात्री घरी. ‘नवशिक्यांसाठी उत्तम.’ आणायच्या सामानात पाणी १ लिटर, आणि टॉर्च ऐच्छिक. भर पावसाळ्यात, पहाटे साडेतीनला अंधारात चढायला सुरुवात करणार, आणि टॉर्च ऐच्छिक!

खालच्या मजल्यावरची मुलगी दुपारी येऊन विचारून गेली, “मावशी, जाऊ का मी?” तिचा पहिलाच ट्रेक. घाईत होती, म्हणून तिला नीट सांगता आलं नाही. ते इथे लिहिते.

ही जाहिरात बसच्या वेळेपासून सुरू होते, मूळ चूक तिथेच आहे. ट्रेकचा बेत उजेडापासून आखतात. अंधार कधी पडणार, उतरायला किती तास लागणार, आणि हाताशी किमान एक तास शिल्लक. हे उलटं मोजत गेलं की गडावरून निघायची वेळ मिळते. जुलैत सूर्य सातनंतर मावळत असला तरी धुक्यात, झाडीत सहालाच दिसेनासं होतं. खिरेश्वरला उतरायला नवख्या माणसाला चार तास धरा. शिवाय तो शिल्लक एक तास. म्हणजे दुपारी १ वाजता गडावरच्या मंदिरापासून पाठ फिरवायची, मग पलीकडचा प्रसिद्ध कोकणकडा पाहून झालेला असो वा नसो. ही वेळ निघण्याआधी सगळ्यांना सांगायची असते, वर गेल्यावर ठरवायची नसते. वर सगळ्यांनाच अजून अर्धा तास हवा असतो.

आता ५० माणसांचा हिशोब. खिरेश्वरच्या वाटेवर तोलारखिंड लागते, तिच्या वर रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे. ओल्या कातळावर एका माणसाला दोन मिनिटं जरी धरली तरी ५० जणांना १०० मिनिटं लागतात. उतरताना पुन्हा तेवढीच. म्हणजे पहिला माणूस वर पावसात, वाऱ्यात दीड तास भिजत उभा, आणि शेवटचा खाली. जाहिरातीच्या वेळापत्रकात ही सव्वातीन तासांची जागाच नाही. १२ ते १५ जण, पुढे एक जाणकार, मागे एक जाणकार, आणि मागच्याच्या मागे कुणीही नाही, एवढंच सांभाळता येतं.

बरं, कातळटप्पा संपला म्हणजे वाट संपली असं नाही. पुढे पठारावर एकामागून एक टेकाडं लागतात. धुक्यात ती सगळी सारखी दिसतात. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा मुख्य वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात, आणि माणूस बरोबर त्यांच्यावरच जातो. खिंडीतूनच सरळ निघालात तर गडाऐवजी पलीकडच्या कोथळे गावाला पोचता. म्हणून फोनमध्ये नकाशा आणि वाटेचा ट्रॅक घरूनच उतरवून ठेवायचा, वर नेटवर्क नसतं. वाट दाखवणारा दगडावरचा रंगवलेला बाण दहा मिनिटांत दिसला नाही की पुढे रेटायचं नाही, शेवटच्या बाणापर्यंत मागे यायचं. आणि खिरेश्वरमधला वाटाड्या घ्यायचा. त्याचे पैसे वाचवणाऱ्या आयोजकाबरोबर जाऊच नये.

हो, या बॅचमुळे पायथ्याच्या घरांत चार पैसे येतात. मान्य. पण मग तिथल्याच माणसाला वाट दाखवायला का घेत नाही?

मुलगी परत फोन करून म्हणाली, मोबाइलचा टॉर्च आहे ना. नाही गं बाई. रेलिंग धरायला दोन्ही हात लागतात. पावसात भिजलेला फोन बंद पडतो, आणि उजेडासाठी जाळलेली बॅटरी मदत मागायच्या वेळी नसते. डोक्याला बांधायची टॉर्च, तिचे जास्तीचे सेल, ते प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येकाकडे स्वतःची. दोघांत एक म्हणजे अर्ध्यांकडे नाहीच.

आणि पाणी १ लिटर. पावसाळ्यात तहान लागत नाही म्हणून पीत नाहीत, मग उतरताना मांडीत गोळे येतात. २ लिटर घ्यावंच. हिवाळ्यात दिवसाला ३, मार्चनंतर ४, आणि तेव्हा ओढे आटलेले असल्यामुळे वाटेत मिळेल या भरवशावर एक घोटही सोडायचा नाही. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात. लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत ढवळलं तर उलटी होऊन आहे तेही पाणी जातं.

ओढ्यांबद्दल जाहिरातीत अवाक्षर नाही. सकाळी घोट्याएवढा ओलांडलेला ओढा, डोंगरात तासभर पाऊस कोसळला की परतताना कमरेला असतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ, तर थांबायचं. पाऊस थांबल्यावर लहान ओढे बहुतेक वेळा तास-दोन तासांत उतरतात. पण ज्याची बस चारला सुटायची आहे त्याला थांबता येत नाही, आणि तिथेच माणसं वाहून जातात. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

लिहिता लिहिता वाटतंय की मुलीला नुसतं नको म्हणणंही बरं नाही. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या मुलांना डोंगरात जावंसं वाटतं, यापेक्षा चांगलं काय! जा ना. हरिश्चंद्रगडच हवा तर पायथ्याच्या दुसऱ्या गावाहून, पाचनईहून जा, अडीच-तीन तासांची सोपी वाट आहे. दिवसाउजेडी चढ, आदल्या रात्री झोप घेऊन चढ. रात्रभर बसमध्ये जागलेला माणूस दुपारी उतरताना घसरतो, कारण गुडघे आणि लक्ष एकदमच थकतात.

मुक्कामाचा बेत पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी. पाठीवरची सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड नको: ५० किलोच्या मुलीला १० किलो, पाण्यासकट. जड सामान पाठीला चिकटून, मध्यावर. झोपायच्या पिशवीपेक्षा खालची मॅट महत्त्वाची, कारण थंडी जमिनीतून चढते. रात्रीचा कपड्यांचा कोरडा जोड वेगळ्या जाड प्लास्टिक पिशवीत. सॅकचं रेनकव्हर पाठीकडून झिरपणारं पाणी अडवत नाही. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. खिचडीला माणशी १०० ते १२० ग्रॅम डाळ-तांदूळ पुरतात. शेकोटी नकोच, हे अभयारण्य आहे आणि वाळलेलं गवत ठिणगीला टपलेलं असतं. तंबू ठोकायला परवानगी आहे का ते वनखात्याकडे आधी विचारायचं, आणि कड्याच्या काठावर तर कधीच नाही. खालून वर येणारा वारा तंबू माणसासकट हलवतो. अत्तर, डिओ, धूर, स्पीकर, चारही गोष्टी आग्या मोहोळाला उठवतात.

बुटांचं एक. माळ्यावर तीन-चार वर्षं पडलेले बूट नवे दिसले तरी त्यांचा सोल पहिल्याच उतारावर सुटून येतो, न वापरताही तो आतून कुजतो. आठवडाभर आधी घालून जिने चढ-उतर करून बघ. सॅकमध्ये दोन मीटर दोरी आणि चिकटपट्टी ठेव, सोल बांधायला. नखं काप, नाहीतर उतरताना अंगठे काळेनिळे होतात.

आणि निघण्याआधी घरी एका कागदावर: कुठल्या वाटेने चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, गाडीचा नंबर, पायथ्याच्या गावात जिथे जेवण सांगितलंय त्यांचा फोन, पायथ्याला पोचायची वेळ. त्याखाली दुसरी वेळ, तीन तास पुढची. तोवर तुझा फोन आला नाही तर आईने आधी गावात फोन करायचा, मग ११२ला. आईला हे तोंडी सांगू नकोस, कागद फ्रिजवर लाव.