आयव्हरी की लिनन?

हॉलला पांढरट रंग द्यायचा यावर आमच्या घरात चक्क एकमत झालं, तिथेच मला शंका यायला हवी होती. कारण शेडकार्डात पांढरट म्हणून पानंच्या पानं निघाली, आणि चाळण लावून शेवटी दोन उरले, आयव्हरी आणि लिनन. मला दोन्ही एकच. पेंटरभाईंना पण. "साहेब, बेय सरखा ज छे," म्हणाले बिचारे, तर बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की ते सरळ पुट्टी घासायला गेले.

कार्डावर एलआरव्ही नावाचा आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा, 0 म्हणजे काळाकुट्ट, 100 म्हणजे पांढराशुभ्र. दोघांचा जवळपास सारखाच. मी म्हटलं, बघ, मिटलं! तर बायको म्हणे, तो आकडा उजेडाचा आहे, झाक कुठली ते थोडंच सांगतो? (हे खरंय. राग त्याचाच आला.) मग तिने प्रिंटरचा कोरा कागद दोन्हींच्या मधे धरला आणि खरंच हो, आयव्हरी पिवळा पडला आणि लिननमधून गुलाबी डोकवायला लागला, आणि एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्यच नाही.

मग भिंतीवर सॅम्पल. ओला असताना एक, वाळला की जरा गडद. त्यात आमचं घर बडोद्याच्या दांडिया बाजारातलं, हॉल उत्तरेला, थेट ऊन नाही, उजेड निळसर, वर समोरच्यांनी भिंत पोपटी करून ठेवलीय, ती दुपारभर आमच्याकडेच मुक्कामाला. रात्री 6500 केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची, ट्यूब लावली की लिनन आजारी, 2700 चा पिवळ्या उजेडाचा बल्ब लावला की दोन्ही पिवळे. मुलगा म्हणाला, मग बल्बच बदला ना. त्याला कोणी उत्तर दिलं नाही, महिन्याची अडचण दोनशे रुपयात सुटलेली कोणाला चालते?

आईने मात्र लांबूनच सांगितलं, "कुठलाही द्या, बटणाच्या बोर्डाजवळ आठवड्यात काळा होणारच आहे, धुता येईल असा घ्या म्हणजे झालं." अख्ख्या चर्चेत कामाचं वाक्य तेवढंच.

शेवटी लिनन ठरला, म्हणजे बायकोने ठरवला आणि आम्ही माना हलवल्या. तेवढ्यात पेंटरभाई शिडीवरून, "साहेब, सिलिंगमां कयो व्हाइट?"

मी स्कूटरची चावी उचलली आणि सगळ्यांसाठी सेव उसळ आणतो म्हणून सटकलो.