पिठलं-भात अँड चिल

परवा शनिवारी आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, आज काय बेत? मी आपलं भोळेपणाने टाकलं, "कुठ्ठे जायचं नाही, पिठलं-भात आणि नेटफ्लिक्स अँड चिल." लगेच नागपूरच्या काकांचा मेसेज, "आम्ही पण!" आणि त्यावर अंगठा. पाठोपाठ भाचीचा फोन, हॅलो नाही काही नाही, "आत्या, डिलीट कर आधी." म्हटलं का गं, पिठल्यात काय वाईट आहे? ती पाच मिनिटं नुसती हसतेय आणि मी कढईतल्या बेसनाच्या गाठी मोडत ऐकतेय की हे सिनेमा बघायला बोलावून सिनेमा न बघण्याचं आमंत्रण असतं म्हणे. पन्नाशीत झालेलं ज्ञान. मेसेज उडवला, पण काकांचं "आम्ही पण!" तिथंच राहिलं, आता ते कशाला आहे हे कुणालाच कळत नाहीये.

मग रात्री शोधत बसले. २००९ च्या आसपास ट्विटरवर लोक हे अगदी सरळ अर्थानेच लिहायचे, अभ्यास झाला, आता नेटफ्लिक्स लावून पडायचं, बास. पुढे अमेरिकेतल्या काळ्या तरुण मंडळींच्या ट्विटरवरच्या गप्पांत त्याला हळूच डोळा मारला गेला आणि २०१५ मध्ये मीम्सचा पूर आला. अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या भाषाअभ्यासकांच्या संस्थेने त्या वर्षीचा सगळ्यात आडून बोलणारा शब्दप्रयोग म्हणून यालाच निवडलं. कंपनी तरी कशाला गप्प बसतेय, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेकर फेअरमध्ये, म्हणजे स्वतः काहीबाही बनवणाऱ्या हौशी मंडळींच्या जत्रेत, त्यांनी एक बटण दाखवलं, दाबलं की दिवे मंद, फोन सायलेंट, जेवणाची ऑर्डर आणि समोर नेटफ्लिक्स चालू. आपल्याकडे नेटफ्लिक्स आलं ते जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे वरात आधी आणि नवरदेव मागून.

नुसतं 'चिल' मात्र बरंच जुनं. मूळ अर्थ गारठा, 'कोल्ड' आणि 'कूल' याच्याच घरातले. १९७९ च्या 'रॅपर्स डिलाइट' या रॅप गाण्यात ते आजच्या, आरामात राहण्याच्या अर्थाने ऐकू येतं, म्हणजे हिपहॉपबरोबरच वाढलेला शब्द. मला त्याचा लंडनमधला अवतार सगळ्यात आवडला. ८०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या क्लबांत रात्रभर नाच चालायचा, घाम, गर्दी, वर नशेच्या गोळ्यांनी अंग तापलेलं, मग बाजूला एक खोली ठेवायची जिथे संथ संगीत आणि टेकायला जागा. ती चिल-आउट रूम. १९९० मध्ये केएलएफ या जोडगोळीने 'चिल आउट' नावाचा अख्खा अल्बमच काढला. म्हणजे तिथे लोक खरोखरच गार व्हायला जायचे!

आणि आपल्याकडे हा शब्द कोण वापरतं? ज्याच्यामुळे आपलं डोकं तापलंय तोच. आमचा नळ चार दिवस गळतोय, खाली बादली, ती भरली की उठा, आणि दुरुस्तीवाला फोनवर मलाच सांगतो, "मॅडम, चिल!" अरे तू ये ना, मग होते मी चिल. ह्या शब्दाने आजवर एकही माणूस शांत झालेला मी तरी पाहिलेला नाही. त्यापेक्षा आपलं 'थंड घे' बरं, त्यात निदान थोडी माया असते (बोलणारा मित्र असेल तर).

त्या दुहेरी अर्थाचा मला राग नाही हां, आडून बोलणं काय सगळ्याच भाषांत असतं. पण काहीही न करता, कुणालाही न बोलावता, गाऊनमध्ये पाय वर घेऊन बसायचं याला मी इतके दिवस तो शब्द वापरत होते आणि तो आता हातातून गेला याचं वाईट वाटतं. भाची म्हणाली मग 'निवांत' लिही ना. खरंच की. आणि आपल्याकडे 'निवणं' पण आहे. चहा निवतो, ताप उतरला की अंग निवतं, लेक बऱ्याच दिवसांनी घरी आली की डोळे निवतात, जीव निवतो. गार होणं आणि सुखावणं एकाच शब्दात, आणि तो कुणी कुणाला ऑर्डर म्हणून देत नाही, "ए, निव!" असं ऐकलंय का कधी?

काकांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही, मी तर नाहीच सांगणार. चला, ओट्यावरचं दूध निवलं असेल एव्हाना, विरजण लावून येते.