‘स्वस्त क्लोज्ड-बॅक म्हणजे डबा’ हे ऐकून भेट ठरवू नका

हेडफोन भेट द्यायचाय म्हटलं की एक ठरलेला सल्ला हमखास पुढे येतो. गेल्या महिन्याभरात तो मला तिघांनी पाठवला. थोडक्यात असा: “स्वस्तातला क्लोज्ड-बॅक म्हणजे डबा, त्यापेक्षा ओपन-बॅक घ्या. ओहम जितके जास्त तितका आवाज चांगला. ड्रायव्हर ५० मिलिमीटरचा आणि रेंज ४०,००० हर्ट्झपर्यंत हवी. शंभर तास वाजल्याशिवाय मत बनवू नका. आणि बजेट कमी असेल तर नादच सोडा.” (क्लोज्ड-बॅक म्हणजे कप मागून बंद असलेला हेडफोन, ओपन-बॅक म्हणजे मागून मोकळा. ड्रायव्हर म्हणजे कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर.)

यातल्या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी स्वतः चुकले आहे आणि त्याचा त्रास माझ्या मावशीला झाला. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलते.

“क्लोज्ड-बॅक म्हणजे डबा.” याला थोडा आधार आहे. ड्रायव्हरचा पडदा जशी पुढे हवा ढकलतो तशी मागेही ढकलतो. कप बंद असला की मागचा आवाज आतच अडकतो, आणि कपात तो शोषून घ्यायची नीट सोय नसेल तर खालचे सूर घुमतात. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा ओपन-बॅक हेडफोन आणला, तेव्हापासून मोकळ्या आवाजासाठी लोक मागून जाळी असलेल्या हेडफोनकडे वळतात. शांत खोलीत एकट्याने बसून ऐकणाऱ्याला तो आवडेलही.

पण आपण भेट कुणाला देतोय? बसमध्ये, ऑफिसात, शेजारी कुणी झोपलेलं असताना ऐकणाऱ्या माणसाला. जाळीतून त्याची गाणी शेजाऱ्याला ऐकू जातात आणि शेजाऱ्याचं बोलणं त्याच्या गाण्यात येतं. मग तो काय करतो? आवाज वाढवतो. माझा खरा आक्षेप इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला कुणी ९ डेसिबल वाढवले तर आठवड्याचा कोटा रोजच्या प्रवासातच संपेल. क्लोज्ड-बॅक बोलणं, खडखडाट, भांड्यांचा आवाज बऱ्यापैकी अडवतो, त्यामुळे कमी आवाजातही गाणं नीट ऐकू येतं. इंजिनाची खालची घरघर मात्र नुसत्या बंद कपाने फारशी थांबत नाही, त्यासाठी नॉइज कॅन्सलिंग लागतं. तरीही रोजच्या ऐकण्यासाठी मी डोळे मिटून क्लोज्ड-बॅकच देईन.

“ओहम जास्त तितका आवाज चांगला.” मावशी यातच अडकली. मी तिला २५० ओहमचा हेडफोन दिला होता, मोठ्या हौसेने. तिने फोनला लावला, गाणं सुरू केलं, व्हॉल्यूमची पट्टी शेवटपर्यंत नेली आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. तिच्या आवडीचं जुनं, हळू आवाजातलं रेकॉर्डिंग होतं. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “माझे कान गेले का गं?” तिचे कान व्यवस्थित होते. फोनमध्ये तेवढा दम नव्हता.

ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, त्यात गुणवत्तेचं माप काही नाही. फोनमधून साधारण एक व्होल्ट किंवा त्याहून कमी मिळतो. एका व्होल्टला ३२ ओहमचा हेडफोन हिशेबाने ३१ मिलीवॉट घेतो, २५० ओहमचा फक्त ४. बाकी सगळं सारखं असेल तर हा जवळपास ९ डेसिबलचा फरक आहे. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच क्लोज्ड-बॅक हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहममध्ये निघाला, कारण तो वेगवेगळ्या यंत्रांना लावायचा असतो. फोनवर ऐकणाऱ्यासाठी ३२ ते ६० ओहमच्या आसपास राहा आणि सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो याचा, आकडाही बघा. आकडे ताडताना मात्र एक डेसिबल प्रति मिलीवॉट आणि दुसरा प्रति व्होल्ट असा घोळ होऊ देऊ नका.

“५० मिलिमीटर, ४०,००० हर्ट्झ.” सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत वापरला जातोय. क्लोज्ड-बॅक, ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा. माणसाला ऐकू येतं ते फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत, आणि वय वाढेल तसा वरचा भाग आधी कमी होतो. शिवाय किती डेसिबलच्या चढउतारात मोजलं हे छापलेलं नसेल तर त्या रेंजला काही अर्थ नाही.

“शंभर तास वाजवा.” ड्रायव्हरमध्ये होणारा बदल असलाच तर नगण्य असतो. कुशन थोडी मऊ होऊन कानाभोवती नीट बसते आणि आपल्या कानाला त्या आवाजाची सवय होते, एवढंच. नुकसान मात्र खरं आहे: शंभर तासांची वाट पाहता पाहता वस्तू परत करायची मुदत निघून जाते.

“बजेट कमी असेल तर नाद सोडा.” हे मला सगळ्यात खटकतं, कारण यामुळे माणसं भेट द्यायचंच टाळतात. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनची फ्रिक्वेन्सी मोजमापं, म्हणजे कोणता सूर किती मोठा वाजतो याची मापं, त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. दोन्हींत संबंध आढळला नाही. जास्त पैशांत बांधणी, कातडं, सोयी मिळतात, चांगला सूर मिळेलच असं नाही.

या सल्ल्यात जे आलंच नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. क्लोज्ड-बॅकचा बेस कानाभोवतीच्या सीलवर उभा असतो. चष्म्याची दांडी किंवा केसांची जाड बट कुशनखाली आली की तिथून हवा निसटते आणि तबल्याच्या बायाची घुमारी पार उडते. घरी तपासायची सोपी रीत: खर्जाचं काहीतरी लावा, हेडफोन घाला आणि कप तळव्यांनी हलकेच दाबा. बेस एकदम वाढला तर सील बसत नाहीये. घेणारा चष्मा लावत असेल तर तुम्हीही चष्मा लावून ही चाचणी करा. मखमली कुशन उन्हाळ्यात सुखाची वाटते, पण क्लोज्ड-बॅकवर तिच्यातूनही थोडा बेस निसटतो. पकड इतकी घट्ट नको की अर्ध्या तासात कानशिलं दुखतील.

वायर काढता येणारी आणि कुशन बदलता येणारी असावी, कारण आधी खराब होतात त्या याच दोन गोष्टी. आणि घेणाऱ्याच्या फोनला ३.५ मिलिमीटरचं भोक आहे का ते गुपचूप बघून ठेवा. नसेल तर यूएसबी-सी अडॅप्टर सोबतच द्या, पण डॅक (डिजिटल सिग्नलचं हेडफोनला लागणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चिप) असलेला. नुसती तारांची जोडणी असलेला अडॅप्टर कित्येक फोनवर चालतच नाही.

मावशीकडे आता ३२ ओहमचा साधा, हलका क्लोज्ड-बॅक आहे, पहिल्यापेक्षा बराच स्वस्त. कुशन एकदा बदलून झाली. व्हॉल्यूमची पट्टी अर्ध्याच्या वर जात नाही.