काळी पिसं म्हणजे कडकनाथ नाही
"पिसं काळी की कोंबडी कडकनाथ" असं सगळीकडे फॉरवर्ड होतंय, नव्याने ब्रीडिंग करणारे त्यावर पैसे घालतायत म्हणून सांगतो. कडकनाथ ही काळ्या कातडी-मांसाची कोंबडीची जात, पण पिसांचा रंग वेगळा आणि कातडी-मांस-हाडांचा काळेपणा वेगळा, दोन्हीचे जीन्स वेगळे. सिल्की ही कोंबडीची जात बघा ना, पिसं पांढरीशुभ्र अन् कातडी काळी! मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या अस्सल कडकनाथातही सोनेरी छटेचे पक्षी असतात. म्हणून आधी तुरा, जीभ, पाय काळे आहेत का ते बघा. आणि कडकनाथ कोंबडा पांढऱ्या-पिवळ्या पायाच्या गावरान कोंबडीला लावला तर बऱ्याचदा माद्या काळ्या कातडीच्या निघतात अन् नर फिके, कारण तो काळेपणा दाबणारा जीन लिंगाशी जोडलेला असतो, आईकडून फक्त नर पिल्लांना जातो. अंडी मात्र काळी नसतात हां, फिक्कट तपकिरीच असतात.